सत्तावीस नंबरची चिठ्ठी

१९९४-९५ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी तेव्हा ‘कॉम्प्युटरवर बसत’ होतो. मार्चअखेरची थकबाकी यादी रात्री उशिरापर्यंत छापली, कॉम्प्युटर बंद केला आणि प्रिंटर तसाच चालू ठेवून घरी गेलो. सकाळी काउंटरवरच्या काकांनी ठेवपावत्या छापायला घेतल्या. पावत्या प्रेसमधून छापून आलेल्या. नाव, रक्कम, मुदत यांचे चौकोन आधीच ठरलेले. प्रिंटर करकरला आणि सगळा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत पावतीच्या डाव्या अंगाला गोळा झाला. रक्कम नावाच्या चौकोनात, मुदत रकमेच्या चौकोनात. ठेवपावतीला अनुक्रमांक असतो, त्यामुळे बिघडलेली पावती फाडून टाकता येत नाही. तिच्यावर ‘रद्द’ लिहून सचिवांची सही घ्यावी लागते. अशा अकरा सह्या घेऊन झाल्यावर काका माझ्याकडे आले. “काल रात्री काय केलंस रे याला?”

मी त्याला फक्त एक आकडा पाठवला होता, पंधरा. यादी रुंद होती, ती अरुंद कागदावर बसावी म्हणून. यादी संपल्यावर अठरा पाठवायचा राहिला होता.

हे पंधरा आणि अठरा काय प्रकरण आहे ते आज बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण ज्यांच्या दुकानात अजून तीन प्रतींचं बिल कार्बनसकट फाडून मिळतं, त्यांना ते कळल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रिंटरच्या अक्षरांवर आणि पानावर ताबा ठेवणाऱ्या ज्या छोट्या युटिलिटी तेव्हा फ्लॉपीवरून हातोहात फिरत, त्या सगळ्या या आकड्यांवरच चालत.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या हेडमध्ये पिनांची उभी रांग असते. साध्या मशीनमध्ये नऊ पिना, एकमेकींपासून एक इंचाच्या बहात्तराव्या भागावर. हेड आडवं सरकतं, पिना रिबनवर आपटतात, ठिपके उमटतात. अक्षराचा आकार कॉम्प्युटर पाठवत नाही. तो फक्त ६५ हा आकडा पाठवतो. ६५ म्हणजे इंग्रजी कॅपिटल ए, आणि तो ए कसा काढायचा हे प्रिंटरच्या पोटातल्या चिपमध्ये कोरून ठेवलेलं असतं. ३२च्या खालचे आकडे छापायचे नसतात, ते हुकूम असतात. १० म्हणजे एक ओळ खाली ये, १३ म्हणजे डावीकडे परत जा, १२ म्हणजे पुढच्या पानाच्या माथ्यावर जा. एप्सनच्या प्रिंटरांत १४ म्हणजे या ओळीपुरतं रुंद अक्षर, १५ म्हणजे बारीक अक्षर आणि १८ म्हणजे बारीक पुरे, मूळ मापावर ये.

पण ठळक, तिरकं, अधोरेखित, समास, पानाची लांबी एवढ्या सगळ्याला हे बत्तीस आकडे कुठून पुरणार? त्यावरची तोड म्हणजे २७, म्हणजेच एस्केप. बॉब बेमर नावाच्या आयबीएममधल्या माणसाने १९६०मध्ये ही कल्पना मांडली. २७ आला की समजायचं, पुढचं अक्षर छापायचं नाही, तो हुकूम आहे. मी त्याला चिठ्ठी म्हणतो. शिपाई ‘साहेबांची चिठ्ठी आहे’ म्हणाला की हातातलं काम थांबवून आधी ती वाचायची, तसं. २७ आणि ई म्हणजे ठळक कर, २७ आणि एफ म्हणजे ठळक बंद. २७ आणि ४ म्हणजे तिरकं. २७ आणि एम म्हणजे इंचात बारा अक्षरं, २७ आणि पी म्हणजे परत इंचात दहा. आणि २७ व ६४ म्हणजे सगळं विसर, जसा सकाळी चालू झालास तसा हो.

या चिठ्ठ्यांची भाषा जगभर एकच झाली त्याला एक धंदेवाईक कारण आहे. एप्सनचा एमएक्स-८० हा प्रिंटर १९८०मध्ये आला आणि चांगला चालला. पुढच्याच वर्षी आयबीएमने पीसी काढला, तेव्हा त्याच्याबरोबर जो प्रिंटर विकला तो एप्सननेच बनवलेला होता, वर पाटी फक्त आयबीएमची. मग बाकीच्या कंपन्यांनाही ‘एप्सनसारखा चालतो’ असं म्हणणं भाग पडलं. आपल्याकडच्या टीव्हीएसच्या मशीनवरही याच चिठ्ठ्या चालल्या.

आता हिशोबाचा भाग. नेहमीचं अक्षर इंचात दहा बसतं. आठ इंच छापण्याजोगी जागा असेल तर ऐंशी अक्षरं, म्हणून ‘ऐंशी कॉलमचा प्रिंटर’. बारीक अक्षर इंचात साधारण सतरा. आठ गुणिले सतरा म्हणजे १३६. लेजरची १३२ कॉलमची रुंद यादी, जिला खरं तर पंधरा इंची मोठा प्रिंटर लागतो, ती बारीक अक्षरात लहान प्रिंटरवर बरोबर मावते. आमच्या संस्थेकडे मोठ्या प्रिंटरचे पैसे नव्हते, त्यामुळे आमचा सगळा मार्चअखेर १५ या आकड्यावर निघायचा. ठेवपावत्यांची वाट लागली तीही याच हिशोबाने. साठाव्या कॉलममधली रक्कम डाव्या काठापासून सहा इंचांवर पडायची, ती साडेतीन इंचांवर येऊन पडली.

तेव्हाचे कॉम्प्युटर ज्यावर चालत त्या डॉसमध्ये या कामासाठी एक तयार सोय होती आणि ती फारशी कुणाला माहीत नव्हती. मोड नावाची कमांड. ‘मोड एलपीटी१: १३२,८’ असं टाइप करून एंटर दाबलं की प्रिंटर बारीक अक्षरात आणि इंचाला आठ ओळींवर जायचा. ‘८०,६’ टाइप केलं की मुकाट परत. या कमांडच्या पोटात काही जादू नव्हती, असेच दोन हुकूम ती पाठवायची. पण तिला तेवढंच यायचं. ठळक नाही, समास नाही, पानाची लांबी नाही.

मग आपणच चिठ्ठी का पाठवू नये? पंधरा पाठवणं सोपं होतं. डॉसच्या ओळीवर कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की १५ उमटायचा, तो इको कमांडने प्रिंटरकडे ढकलता यायचा. गोची व्हायची २७ची. एस्केपचं बटण दाबलं की डॉस समजायचं, या माणसाला टाइप केलेली ओळ रद्द करायची आहे. म्हणजे ज्या चिठ्ठीवर सगळा कारभार, तीच हाताने लिहिता येत नव्हती. त्यासाठी बेसिक भाषेत चार ओळी लिहाव्या लागत किंवा कुणीतरी लिहून ठेवलेली युटिलिटी वापरावी लागे. त्या युटिलिटींचा जन्म मला वाटतं या एका अडचणीतून झाला.

युटिलिटी उघडली की पडद्यावर यादी यायची. बारीक, रुंद, ठळक, इंचात बारा, डावा समास, उजवा समास, पानाच्या ओळी, जोडावर सोडायची जागा. बाणाने खाली-वर जायचं, एंटर मारायचं, प्रिंटर ‘टक’ करून हेड हलवायचा, बस. काही युटिलिटी मेमरीत दबा धरून बसत आणि दोन बटणं एकदम दाबली की चालू प्रोग्रामच्या डोक्यावर चौकट उघडत. लोटस या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये तर आतच सोय होती: प्रिंटच्या मेनूत सेटअप म्हणून रकाना असायचा, तिथे उलटी तिरकी रेघ देऊन ०१५ लिहायचं. कित्येक अकाउंटंट हे ०१५ मंत्रासारखं लिहायचे. त्याचा अर्थ विचारला तर म्हणायचे, तसं लिहिल्याशिवाय बसत नाही.

या जातीतला माझा आवडता प्रोग्राम म्हणजे साइडवेज. फंक सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा. बारा महिन्यांचा ताळा कितीही बारीक केला तरी रुंदीत मावत नाही, तेव्हा त्याने अक्षरंच काटकोनात वळवली. कागद जोडून आलेला, त्याला लांबीची सीमा नाही, मग लांबी हीच रुंदी धरायची. प्रिंटरच्या चिपमध्ये आडवी अक्षरं नसतात, म्हणून हा प्रोग्राम ठिपका-ठिपका चित्र काढत बसायचा. एक पट्टा छापायला मरणाचा वेळ, पण टेबलभर पसरलेला सलग ताळा पाहून संचालक मंडळ खूश.

सगळ्यात जास्त छळ मात्र पानाच्या लांबीने केला. हे जरा सविस्तर सांगतो, कारण हा घोळ आजही तसाच चालू आहे.

प्रिंटरला पान म्हणजे काय हे माहीत नसतं. तो कागद बघत नाही, ओळी मोजतो. चालू करताना हेड जिथे उभं असेल तो पानाचा माथा, तिथून ठरलेल्या ओळी संपल्या की पुढचा माथा, एवढंच त्याचं ज्ञान. अमेरिकेतला कागद अकरा इंची. इंचाला सहा ओळी, म्हणजे पानाला ६६. प्रिंटर कारखान्यातून अनेकदा ६६वर लावून येई, वर्डस्टार हा लिखाणाचा प्रोग्रामही पानाची लांबी ६६च धरून चाले. आणि आपल्याकडे बाजारात मिळणारी कंटिन्युअस स्टेशनरी? १० बाय १२ आणि १५ बाय १२. बारा इंच म्हणजे ७२ ओळी.

आता बघा काय होतं ते. पहिलं पान झकास. दुसऱ्या पानाचं शीर्षक पहिल्याच कागदाच्या तळाशी, फाडरेषेच्या एक इंच आधी. तिसऱ्याचं दोन इंच आधी. सहा पानं झाली की पुढच्या पानाचं शीर्षक कागदाच्या बरोबर मधोमध आणि फाडरेषा आकड्यांच्या मधून गेलेली. बारा पानं छापून होतात तेव्हा अकरा कागद संपलेले असतात आणि तेरावं पान पुन्हा माथ्यावर बरोबर सुरू होतं. आमच्या संस्थेतल्या शिपाईमामांनी यावर आपला सिद्धांत बनवला होता: “मशीन गरम झालं की चुकतं, थोडा वेळ थांबलं की सुधारतं.” त्यांची दृष्टी अचूक होती, कारण तेवढं वेगळं.

उपाय एका चिठ्ठीचा. २७, मग कॅपिटल सी, मग ७२. त्यातही एक खोच आहे. ही चिठ्ठी ज्या क्षणी पोचते तो क्षण नव्या पानाचा माथा ठरतो. कागद आधी फाडरेषेवर आणून मगच ती पाठवायची, नाहीतर चूक दुरुस्त होण्याऐवजी पक्की होते. दुसरा उपाय प्रिंटरच्या झाकणाखाली होता. बोटभर लांबीच्या डबीत इवल्याशा पांढऱ्या खुंट्या, त्यातली एक ११ की १२ इंच हे ठरवायची. बॉलपेनच्या टोकाने ती एकदा सरकवली की जन्माचं काम. मॅन्युअल हरवलेलं असल्यामुळे कुठली खुंटी हे कुणालाच माहीत नसे, हा भाग निराळा.

त्याच डबीतली आणखी एक खुंटी चुकीची असली की गंमत व्हायची. डॉसमधल्या तक्त्यांना चौकट असायची, आडव्या-उभ्या रेघांची. आडव्या रेघेच्या तुकड्याचा आकडा १९६. पण एप्सनच्या जुन्या पद्धतीत १२७च्या वरचे आकडे म्हणजे खालच्याच अक्षरांचे तिरके अवतार. १९६ वजा १२८ म्हणजे ६८, आणि ६८ म्हणजे डी. पडद्यावर सुबक चौकट, कागदावर तिरक्या ‘डीडीडीडीडी’ची माळ आणि उभ्या रेघेच्या जागी तिरका ३. ही माळ दिसली की ओळखायचं, अक्षरांचं कोष्टक चुकलं. २७, लहान टी, १ ही चिठ्ठी दिली की रेघा रेघांसारख्या येत.

चिठ्ठ्यांची भाषा एक झाली असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. आयबीएमने नंतर प्रोप्रिंटर काढला आणि काही शब्दांचे अर्थ बदलले. २७ आणि ४ म्हणजे एप्सनला तिरकं अक्षर. प्रोप्रिंटरला मात्र ‘हाच पानाचा माथा’. म्हणून युटिलिटीत आधी प्रिंटरची जात निवडावी लागे. चुकली तर शीर्षक तिरकं होण्याऐवजी पुढची सगळी पानं सरकलेली.

मराठीचं काय? चिपमध्ये कोरलेली अक्षरं रोमन. देवनागरी छापायची म्हणजे प्रत्येक ओळ चित्र म्हणून पाठवायची. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि १९८८नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट कार्ड आलं तेव्हा डॉसच्या पडद्यावर मराठी दिसायला लागली. कागदावर उतरवताना मात्र ठिपक्यांशीच गाठ. रोमन अक्षर एका दमात नऊ पिनांत बसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, मधे अक्षर, असे तीन मजले. हेडला एका ओळीसाठी दोन-तीन फेऱ्या मारायला लागायच्या. चित्र छापताना एका फेरीत आठ पिना वापरल्या जात, म्हणून फेरी संपल्यावर कागद बरोबर ८/७२ इंच वर सरकायला हवा. तसं सांगणारी चिठ्ठी राहिली तर कागद नेहमीप्रमाणे १२/७२ इंच सरके आणि प्रत्येक शब्दाच्या मधून पांढरी पट्टी जाई. शिरोरेषा वर, पाय खाली, मधे रिकामी जागा. सभासदांची नावं अशी कंबरेत तोडलेली मी पाहिली आहेत. सर्वसाधारण सभेच्या नोटिसा होत्या त्या.

लेझर प्रिंटर आले तसा हा कारभार बदलला. एचपीच्या लेझरजेटला, जो १९८४मध्ये निघाला, स्वतःची वेगळी चिठ्ठीभाषा होती. पान आडवं करायचं तर २७, अँड, लहान एल, आकडा एक, कॅपिटल ओ. छापील कागदावर लहान एल आणि एक सारखेच दिसत, ओ आणि शून्यही तसेच. ही ओळ पुस्तकातून बघून टाइप करणाऱ्यांनी किती तास घालवले असतील! पुढे १९९२च्या विंडोज ३.१मध्ये ट्रूटाइप अक्षरं आली. अक्षराचा आकार आता कॉम्प्युटरमध्ये राहायला लागला, पान तिथेच तयार होऊन प्रिंटरकडे जायला लागलं आणि युटिलिटीची जागा ड्रायव्हरने घेतली. लेझरवाल्यांच्या दृष्टीने विषय संपला.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांचा संपला नाही. कार्बनच्या प्रती काढायच्या तर कागदावर काहीतरी आपटायलाच हवं, आणि लेझर आपटत नाही. म्हणून बँकेच्या पासबुकापासून ट्रान्सपोर्टच्या बिल्टीपर्यंत पिनांचं राज्य चालू आहे. तिथे नव्या माणसांच्या तक्रारी ऐकल्या की मला माझी पतसंस्था आठवते.

पहिली तक्रार, प्रिंटर फार हळू चालतो. विंडोजमधलं नेहमीचं अक्षर निवडलं की तो देवनागरीच्या वेळी करायचा तसाच ठिपक्यांचं चित्र काढत बसतो. अक्षरांच्या यादीत नीट बघा, एप्सनचा ड्रायव्हर असेल तर ‘ड्राफ्ट १० सीपीआय’, ‘रोमन १७ सीपीआय’ अशी नावं सापडतील (सीपीआय म्हणजे इंचात किती अक्षरं). ती प्रिंटरच्या स्वतःच्या चिपमधली अक्षरं. ती निवडली की मशीन पुन्हा पूर्वीसारखं धावतं. ‘रोमन १७’ हा आमचा जुना पंधराच आहे, नाव बदललेला.

दुसरी तक्रार, बिल झाल्यावर पुढचा कागद कोरा सुटतो. दुकानात १० बाय ६चा कागद लावलेला असतो आणि विंडोज ए-४ धरून बसलेलं असतं. प्रिंटरांच्या खिडकीत प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज आहे, तिथे फॉर्म तयार करता येतो. दहा इंच रुंद, सहा इंच उंच, नाव द्या ‘बिल’, आणि मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हाच कागद निवडा. दुसरी पायरी लोक विसरतात.

तिसरी तक्रार जुन्या डॉस प्रोग्रामवाल्यांची. नवा प्रिंटर यूएसबीचा, प्रोग्राम शोधतो एलपीटी१, म्हणजे प्रिंटरचा जुना पोर्ट. प्रिंटर शेअर करायचा आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडून द्यायचा. कित्येक धान्य-दुकानांचा कारभार या एका ओळीवर चालतो. आणि ज्यांना चिठ्ठ्यांचा जुना खेळ हवाच असेल त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ नावाचा ड्रायव्हर अजून आहे. त्याच्या सेटिंगमध्ये काम सुरू होताना काय पाठवायचं, संपताना काय पाठवायचं, असे रकाने आहेत. तिथे २७ हा आकडा सोळाच्या पद्धतीने, म्हणजे १बी असा, कोनाच्या कंसात लिहायचा.

तरीही काय बिघडलंय ते कळत नसेल, तर पुष्कळ एप्सन मशीनवर एक चाचणी आहे. लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन्ही बटणं दाबून धरून प्रिंटर चालू करायचा. मग तो हुकूम पाळायचं सोडून, आलेला प्रत्येक आकडा सोळाच्या पद्धतीने छापत सुटतो. त्यात कुठे ०एफ दिसला तर तो पंधरा. कुणीतरी बारीक अक्षर मागितलं होतं. त्याच्या पुढे कुठेच १२ दिसला नाही, म्हणजे आपला अठरा, तर ते परत करायला विसरलं आहे.

त्या सकाळनंतर मी प्रत्येक यादीच्या शेवटी २७ आणि ६४ पाठवायला लागलो. तुम्हीही त्या ड्रायव्हरमधल्या ‘काम संपताना’च्या रकान्यात हे दोन आकडे आजच लिहून ठेवा. उद्या सकाळी त्याच मशीनवर कुणाला तरी पावत्या छापायच्या असतात.